लाल डागाचा न्याय

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच संपल्या होत्या, तरी माणसं दारातून आत येतच होती. समोर भला मोठा पडदा, त्याच्यापुढे एक खुर्ची आणि टेबलावर स्क्रीन. दृष्टीबाबा माईकवरून सांगत होते, "जीभ खोटं बोलते, डोळा बोलत नाही. तुमच्या घराला कुणाची नजर लागली, ते हे दिव्य यंत्र दाखवतं."

ते दिव्य यंत्र मी रोज वापरते. जाहिरात बघताना लोकांची नजर कुठे जाते, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. स्क्रीनखाली एक काळी पट्टी असते. ती डोळ्यांवर न दिसणारा प्रकाश टाकते, कॅमेरा त्याची डोळ्यातली चमक टिपतो आणि आपण जिथे जास्त वेळ पाहिलं तिथे चित्रावर लाल डाग उमटतो. संपलं यंत्राचं काम. हे मी घरी सांगून सांगून थकले. धाकट्या भावाने मनावर घेतलं नाही. त्याचं दोन वर्षांचं पोर तापाने फणफणत होतं, कान ओढून ओढून रडत होतं. औषधाने गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी आणखी तपासायला बोलावलं होतं. ते सोडून हा सगळ्या घराला इथे घेऊन आला.

पडद्यावर आमच्या कुटुंबाचा फोटो आला. एकेकजण खुर्चीत बसून तो बघू लागला. थोरल्या वहिनी बसल्या आणि बाळाच्या चेहऱ्यावर लालभडक डाग उमटला. वहिनींना मूलबाळ नाही.

"सापडली," बाबा शांतपणे म्हणाले. "वांझेची नजर. हिला घरात ठेवाल तर पोर हाती लागणार नाही."

"मी रोज न्हाऊ घालते हो त्याला," वहिनी पुटपुटल्या. शेजारी दादा, त्यांचा नवरा, मान खाली घालून बसून राहिला. बाबांपेक्षा मला त्याचीच जास्त चीड आली.

मी उठले. "बाळाच्या आईलाही बसवा."

धाकटी भावजय बसली. डाग तिथेच, तसाच.

"ही आईची माया," बाबा हसले.

"डाग तर सारखाच आहे. माया कुठली आणि वाईट नजर कुठली, हे यंत्राने सांगितलं की तुम्ही?"

"यंत्राची भाषा आम्हालाच कळते, ताई."

"मग पाठ फिरवून बसा. दोघी पुन्हा बघतील. कुठलं चित्र कुणाचं, ते नुसता डाग बघून सांगा."

"श्रद्धा नसेल तर बाहेर जा," कुणीतरी ओरडलं. पण मागून एक आजोबा म्हणाले, "बसा की बाबा, तुम्हाला काय अवघड आहे?" आता सुटका नव्हती; बाबा पाठ फिरवून बसले. यंत्र चालवणाऱ्या त्यांच्या माणसालाही मी पाठ फिरवायला लावली आणि बटणं स्वतः दाबली.

दोन्ही चित्रं पडद्यावर आली. बाबांनी वळून दोन्ही डाग निरखले. मग डावीकडे बोट दाखवलं. "ही काळी नजर."

"ती त्याच्या आईची आहे," मी म्हटलं.

बाबांनी घाम पुसला आणि ते म्हणाले, "अश्रद्ध हात लागला, यंत्राची शक्ती गेली." यावरसुद्धा निम्म्या हॉलने माना डोलावल्या. मी हात टेकले.

धाकटी मात्र पोराला घेऊन वहिनींपाशी आली. "जाऊबाई, दवाखान्यात चला माझ्याबरोबर."

पोराच्या कानात पू साठला होता. योग्य औषध मिळालं तसा ताप उतरला. भावाने वहिनींची माफी मागितली, दादानेही मागितली. वहिनी "असू दे" म्हणाल्या. पण आता पोर समोर खेळत असलं की त्या खिडकीबाहेर बघतात.

मुलाच्या चेहऱ्याकडे कुणाचीही नजर जाते. तुमची जाते, माझी जाते. यंत्र नजर कुठे थांबली ते सांगतं. का थांबली, ते त्याला कळत नाही. उद्या कुणी असं यंत्र दाखवून तुमच्या माणसाकडे बोट दाखवलं, तर नजर का थांबली, हे आधी त्या माणसालाच विचारा. आणि पोर आजारी असेल तर डॉक्टरकडे न्या.