चरखा छापाची बटणं

पितळ. वर पगडी, खाली उर्दू अक्षरं.

निजामाच्या जुबिलीचं, असं सेनगावच्या एका म्हाताऱ्या मौलवींनी वाचून सांगितलं होतं. माझे आबा, संतराम, मेंढरं राखायचे. खतासाठी कुणाच्या शेतात कळप बसवला की मालक धान्य द्यायचा. आबा वर मागायचे, "पेटीत जुन्या कोटाचं एखादं बटण हाय का, मालक?"

"कोट कवा शिवून राहिला, संतराम?"

"बटणं तर जमू द्या."

जस्त. बैलजोडी.

कुठल्याशा निवडणुकीचं. चेपलेलं.

चांदी. साखळीनं जोडलेली. चरखा.

ही सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या एका घरातली. हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात आलं, त्या वर्षी तिथल्या आजोबांनी हौसेनं घडवून घेतलेली. आबांना वाचता येत नव्हतं.

"मागं काय लिव्हलंय, कोमल?"

"जय हिंद."

"साऱ्यांवर तेच?"

"व्हय, साऱ्यांवर तेच."

"तरी वाच."

मी एकेक वाचायचे. लग्न होऊन कनेरगाव नाक्याला सासरी निघाले, तेव्हा आबा कानाशी म्हणाले, "चरख्याची तुझी. मी गेल्यावर ने."

डबा. रिकामा.

आबांच्या वर्षश्राद्धाला माहेरी गोरेगावला गेले आणि आधी फडताळ उघडलं.

"माय, बटणं?"

पंचफुलाबाई, माझी माय, हात पुसत आली. चेहरा खुललेला.

"पितळी-बितळी त्यांच्या कपड्यांसंगं नदीला गेली. गेलेल्या माणसाचं घरात ठिवत न्हाईत. चांदीची मातर सोनाराला दिली."

"काहून?"

"त्यांचा टाक केला ना."

आमच्यात घरचा कर्ता माणूस गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवून देव्हाऱ्यात बसवतात.

"बाहेरची चांदी कशाला घ्यायची? यांचा जीव त्या बटणांत. म्हनलं, त्याचाच करू."

"ती माझी होती, माय. आबांनी मला दिली होती."

"मला कुठं ठाव? तुमी बापलेक वट्यावर बसून गुलुगुलु करायचे. मला कवा एक तरी बटण दाखवलं का त्यांनी?"

मी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

चांदी. बोटभर. घोड्यावर बसलेला माणूस.

आबा जन्मात घोड्यावर बसले नव्हते.

मायनं टाक दुधानं धुतला, पदरानं पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"बसव. लेकीच्या हातानं बसवायचा म्हनून थांबले."

तो काही उभा राहीना. तिनं मागं मूठभर तांदूळ सारले, तेव्हा टेकला.

"दिसते का चांगला? सोनार म्हने, हुबेहूब."

मी टाकाकडे बघत राहिले. चरखा कुठे वितळला असेल? घोड्याच्या पायात, की माणसाच्या छातीत? डोळे भरून आले.

मायनं मला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला. "रड माय, रड. वर्ष झालं, तरी मलाबी खरं वाटत न्हाई."

तिला वाटलं, मी आबांसाठी रडतेय. मी तिला तसंच वाटू दिलं.