पाहुण्यांचं गवत

सोजरबाईनं ज्वारीचे दाणे एका वाटीत ओतले, दुसरी वाटी रिकामी ठेवली आणि खडकाला पाठ टेकून उत्तरेकडे तोंड केलं. धनज गावाच्या वरच्या बरड माळाची धार इथंच उघडी होते. पुढे उतारभर गवत, आणि त्याच्यावर नुसतं आभाळ.

"आवडे, बस माह्या उजव्या अंगाले. तोंडानं मोजत जा, दर पाखरामागं एक दाना रिकाम्या वाटीत टाक. चुकलीस तं मी सांगीन."

सून पदर खोचून बसली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण मोजणीला सासूनं तिला आज पहिल्यांदाच वर आणलं होतं.

मोजायचे होते भोवत्ये. घारीहून सडपातळ, लांब शेपटीचं हे शिकारी पाखरू दसरा सरला की थंड मुलखातून उतरतं, दिवसभर शेतातले नाकतोडे आणि उंदीर टिपतं आणि दिवस कलला की या उताराच्या गवतात भुईवरच झोपतं. एका टोळधाडीच्या साली या पाखरांनीच गावाची ज्वारी वाचवली म्हणतात. तेव्हापासून रीत पडली. कापणीच्या आदल्या सांजेला पाखरं मोजायची, आणि दर पाखरामागं एक काठी लांब, एक काठी रुंद गवत उभं ठेवायचं. ते पाहुण्यांचं. बाकीचं गाव कापून नेणार. बरड सोजरबाईच्या सासऱ्याचा, म्हणून मोजणीही त्याच घरची. आणि सासू गेल्यापासून सोजरबाईशिवाय कोणी दाण्याला हात लावला नव्हता.

यंदा पाऊस लवकर उघडला होता. गवत पातळ होतं. उताराच्या पायथ्याशी, हाकेच्या अंतरावर, गावातला जानराव चार गड्यांसोबत विळ्यांना धार लावत बसला होता. सकाळीच तो दारात येऊन म्हणाला होता,

"काकू, यंदा पाहुणे जरा कमीच बोलवा. माह्या बैलाच्या बरगड्या मोजता येतात."

"बरगड्या तू मोज, बापा. पाखरं मी मोजीन. दोघायनंही खोटं बोलू नाई."

बोलताना मान ताठ होती. पण पोळ्यापासून तिच्या डोळ्यांपुढे ताक सांडल्यासारखं झालं होतं. हातभर अंतरावरचा माणूस ओळखू येई, त्यापलीकडे सगळं पांढरट. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तांदूळ निवडायचं सूप मात्र सुनेच्या हातात दिलं होतं, "माहेरी कोनं शिकवलं नाई, इथं तरी शीक" असं म्हणून.

"एक," आवडा म्हणाली. "पळसाच्या वरून आला."

दाणा पडला.

"दोन. तीन."

"आन् त्याच्या मागचा?" सोजरबाईनं विचारलं. तीन दिसले की मागं चौथा असतो, एवढं तिला जन्माच्या सवयीनं ठाऊक होतं.

आवडानं आभाळाकडे पुन्हा पाहिलं. "हो आत्याबाई. सुटला होता."

"सुटला होता. डोळे हायेत का गारगोट्या?"

सोजरबाईला बरं वाटलं. वाऱ्यात गवताचा वास होता, खालून विळ्यांची खरखर येत होती. आवडा मोजत गेली. मधूनच सोजरबाई एखादा राहिलेला दाखवी, आवडा "हो आत्याबाई" म्हणे आणि दाणा टाके. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा.

मग सोजरबाईचा हात वाटीच्या कडेवरच थांबला. परवाच वरणात मीठ जास्त झालं म्हटलं, तर हीच पोरगी तोंड वर करून "मीठ बराबर हाये" म्हणाली होती. मिठावरून माघार न घेणारी पाखरांवरून इतकी मुकाट माघार कशी घेते?

"आवडे," ती हळूच म्हणाली, "हा आता आपल्या डोक्यावरून गेला. त्याचा पंख माह्या पदराले लागला. मोजणीत धरला का?"

पदराला काहीही लागलं नव्हतं. वाराही पडला होता.

आवडानं दाणा बोटांत फिरवला.

"हो आत्याबाई," ती म्हणाली, आणि दाणा पडला.

सोजरबाईनं मान खाली घातली. पाच दाणे. पाच काठ्या गवत. आणि खाली गावात जानरावचा उपाशी बैल.

"कवापासून ठाव हाये तुले?"

"सूप माह्या हातात दिलं तवापासून."

"मंग हे दाणे काहून टाकले?"

"खाली जानरावभाऊजी कान देऊन बसले हायेत. त्यायच्या देखत तुमाले खोटं पाडू?"

सोजरबाईनं वाटीत बोटं घातली. चाचपून पाच दाणे काढले, तोंडात टाकले आणि सावकाश चावले. कच्ची ज्वारी दातांखाली करकरली.

"मोज पुढं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं एकही पाखरू दाखवलं नाही. आवडा मोजत राहिली, आभाळ तांबूस झालं, आणि शेवटचा भोवत्या गवतात उतरल्याचं तिनं सांगितलं तेव्हा खालून जानराव चढून आला. मागे गडी होते.

"काय काकू, किती पाहुणे?"

सोजरबाईनं वाटी उचलून सुनेच्या मांडीवर ठेवली.

"मले काय विचारतं? मोजलं तिनं. तिलेच विचार."

जानराव आवडाकडे पाहू लागला, मग सोजरबाईकडे. आवडानं दाणे तळहातावर घेतले, पदर सारखा केला.

"एक ईस आन् सात," ती म्हणाली.

"काकू, तुमी पाह्यले ना सगळे?"

"मी आता पाह्यत नाई, जानराव. सत्तावीस काठ्या सोड अन् बाकीचं कापून ने. बैलाले घाल."

जानरावनं गड्यांना हातानं खूण केली. गडी काठी घेऊन उताराला लागले.

उतरायची वेळ झाली तेव्हा सोजरबाई खडकाशी उभी राहिली. मग तिनं हात पुढे केला आणि सुनेचा खांदा धरला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"दगड आला की सांगत जा."

"हो आत्याबाई."

वाटेत दगड फार नव्हते. जेवढे होते तेवढेच आवडानं सांगितले.