अर्लीनने सांगितलेला आकडा

कोल्टर्स फेरी गावातल्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये पगाराविषयी कुणी बोलत नसे. नवऱ्याची लफडी, गर्भाशयाचं ऑपरेशन, कुणाच्या पोराला पोलिसांनी कुठून उचललं, हे सगळं जेवणाच्या टेबलावर चवीने चघळलं जाई. पण तासाला किती पडतात असं कुणी विचारलंच, तर सगळ्या बायका एकदम खाली मान घालून मक्याच्या पावाकडे बघू लागत. अर्लीन प्रूएटने हा नेम एकोणीस वर्षं पाळला होता, आणि आपण कधी तोंड वेंगाडून मागितलं नाही याचा तिला गर्वच होता.

अर्लीन लायसन्स असलेली प्रॅक्टिकल नर्स. पदवीवाल्या मोठ्या नर्सच्या खालची, अंग पुसणाऱ्या मदतनीस बायकांच्या वरची. म्हणजे काम दोन्हीकडचं आणि मान कुठलाच नाही. गोळ्यांची गाडी ढकलत ती बत्तीस म्हाताऱ्यांना औषधं देई, इन्सुलिन टोची, जखमा बांधी, शिव्या खाई. आठवडाभर हे करून रविवारी दुसऱ्या गावी एका लकवा झालेल्या बाईकडे जाई, कारण त्याशिवाय घर चालत नव्हतं. सहा वर्षांत एकाही रविवारी तिला चर्चला जाऊन गाता आलं नव्हतं, आणि त्याचं तिला फार वाटे.

त्या बुधवारी शेल्बीने तिला चादरींच्या खोलीत गाठलं. शेल्बी इथेच मदतनीस होती, अर्लीनच्या हाताखाली शिकली, आणि नुकतीच तिच्यासारखीच प्रॅक्टिकल नर्सची परीक्षा पास झाली होती.

"मिस अर्लीन, पगाराचं बोलणं चाललंय माझं. नव्या नर्सने किती मागावेत?"

"हे बघ बाई," अर्लीन चादरीची घडी घालत म्हणाली, "हायवेवरच्या पाटीवर तासाला अडतीस डॉलर लिहिलंय ना, ते विसर. ते आज इथे, उद्या तिथे फिरणाऱ्या नर्सांना, तेही कधीमधी. तुला कुणी बावीस दिले तर आभार मान आणि गप बस. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

शेल्बीने ओठ चावला. "पण मिसेस टॅकेटनी आपणहून सव्वीस देऊ केलेत. मला विचारायचं होतं, अठ्ठावीस मागितले तर हावरट दिसेल का?"

अर्लीनच्या हातातली घडी विस्कटली. तिला तासाला साडेतेवीस मिळत होते.

पहिला राग आला तो शेल्बीचाच, हे कबूल करायला हवं. जिला बीपीचा पट्टा बांधायला आपण शिकवलं, ती पहिल्याच दिवशी आपल्या डोक्यावर बसणार! पण शेल्बी इतकी भोळेपणाने बघत होती की राग टिकेना. मग तो स्वतःवर वळला, आणि तिथे मात्र चांगला मुक्काम ठोकून बसला.

"मागितलेस तर दिसू दे हावरट," ती अखेर म्हणाली. "आणि तुझा आकडा मी टॅकेटबाईंना सांगितला तर चालेल?"

"तुम्हाला किती मिळतात, मिस अर्लीन?"

अर्लीनने सांगितलं. शेल्बीने विस्कटलेली चादर तिच्या हातून घेतली. मग म्हणाली, "सांगा. खुशाल सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रात्रपाळीची व्हर्ना गोळ्यांच्या गाडीपाशी वाट बघत उभी होती. रोजचा रिवाज असा: कडक औषधांच्या, कुलपातल्या गोळ्या जाणारीने आणि येणारीने मिळून मोजायच्या, दोघींनी सह्या करायच्या, मग किल्ल्या हातात. किल्ल्या घेतल्या की वॉर्ड आपला, तो टाकून हलता येत नाही. टाकला तर लायसन्स जातं. पण घेईपर्यंत तो आपला नसतो.

अर्लीनने हात कोटाच्या खिशातच ठेवले. "व्हर्ना, आज किल्ल्या टॅकेटबाईंना दे."

व्हर्नाचा चेहरा पडला. मिसेस टॅकेट, सगळ्या नर्सांच्या प्रमुख, कॉफीचा पेला घेऊन धावत आल्या. आठच्या गोळ्यांना अजून तास होता, कुणाचा खोळंबा होणार नव्हता, तरी त्यांना घाम फुटला. गाडी शेवटची कधी ढकलली होती ते त्यांनाही आठवत नसावं. व्हर्नाला तिथेच थांबवून, किल्ल्या मुठीत धरून त्यांनी अर्लीनला ऑफिसात नेलं.

"हे काय गं, अर्लीन? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझ्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती, म्हणून तर साडेतेवीसवर राहिले. शेल्बीला सव्वीस?"

टॅकेटबाईंनी खुर्चीत चुळबुळ केली. "नव्या मुली मिळतच नाहीत. दर वाढवावा लागला. जुन्यांचं जरा राहून गेलं. बोल, तुला किती हवेत?"

अर्लीनने रात्रभर घोकलेला आकडा सांगितला. "सत्तावीस."

"बरं," म्हणून टॅकेटबाईंनी लगेच पेन उचललं.

इतक्या लगेच? मागणाऱ्याच्या पहिल्याच भावाला देणारा हो म्हणतो, तेव्हा आकडा चुकला तो मागणाऱ्याचाच, हे अर्लीनला कळत होतं.

"थांबा. सत्तावीस शेल्बीला. मला तीस."

"तीस? अगं, मालक मला घरी बसवतील."

"काल मी पलीकडच्या गावच्या हॉस्पिटलला फोन केला होता. त्यांनी वय विचारलं नाही, गुडघ्यांचं विचारलं नाही. कधी येता, एवढंच विचारलं."

टॅकेटबाईंनी पेन खाली ठेवून पुन्हा उचललं. "एकोणतीस," त्या म्हणाल्या. "याच्यावर खरंच माझ्या हातात नाही. पुढच्या पगारापासून. आणि शेल्बीला सत्तावीस."

एकोणतीस म्हणजे रविवार मोकळा झाला. अर्लीनला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती घाईने म्हणाली, "कागदावर लिहा."

लिहून, सही घेऊन ती बाहेर आली. व्हर्नाबरोबर गोळ्या मोजल्या, सही केली, किल्ल्या घेतल्या. गाडीभोवती सगळ्या बायकांना एकाएकी फार काम निघालं होतं. स्वयंपाकघरातली ओडेसा एकच टेबल तिसऱ्यांदा पुसत होती. शेल्बी जवळ येऊन कानात पुटपुटली, "किती?"

"एकोणतीस," अर्लीन म्हणाली, आणि तेही चांगलं मोठ्याने, पार स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं. "तुला सत्तावीस. काल मला साडेतेवीस होते."

ओडेसाचं फडकं थांबलं. घरी जायला निघालेली व्हर्ना कोटाच्या गुंड्या लावत दारापर्यंत गेली होती. चौदा वर्षं रात्रपाळी केलेली बाई ती.

"मला बावीस," ती दाराकडे तोंड करूनच म्हणाली.

मग तिने कोट काढून खुंटीला टांगला, मागे फिरली आणि टॅकेटबाईंच्या दारावर टकटक केलं.