ताण चालू ठेवा

संत्र्याच्या झाडाला थंडीत मुद्दाम तहानलेलं ठेवतात. पाणी तोडलं की झाड घाबरतं आणि पुढे पाणी मिळताच फुलतं. याला ताण म्हणतात. ताण किती दिवस द्यायचा, यातच सगळं शहाणपण. अती झालं तर फूल राहिलं बाजूला, झाडच जातं. वरूडचे माझे शेषरावमामा बत्तीस वर्षं पानं बघून ताण तोडत, म्हणजे पुन्हा पाणी सोडत आले. यंदा पाणी कधी सोडायचं यासाठी त्यांनी माझ्या अ‍ॅपवर भरवसा ठेवला. भाची इंजिनिअर ना!

अ‍ॅप मी अमरावतीत बसून जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं. जमिनीतल्या ओलीचं गणित मात्र त्याला झेपणारं नव्हतं. ते दुसऱ्या भाषेतलं, गणितासाठीच बनवलेलं इंजिन, म्हणजे एक वेगळा प्रोग्रॅम करायचा. अ‍ॅपनं इंजिनाला हाक मारायची, आकडे द्यायचे, उत्तर आणून मामांच्या मोबाइलवर दाखवायचं. आणि इंजिनानं ओ दिली नाही तर? तर कालचंच उत्तर दाखवायचं, असं मी लिहून ठेवलं. बिघाडाची लाल अक्षरं दिसली की आपली माणसं घाबरतात, अ‍ॅपच काढून टाकतात. मोठी अक्कल माझी.

जानेवारीत माझ्या ऑफिसची लाइट गेली. ज्या कॉम्प्युटरवर हे दोन्ही चालायचं तो पुन्हा सुरू झाला, अ‍ॅप सुरू झालं, इंजिन झालं नाही. अकरा दिवस अ‍ॅप हाका मारत राहिलं आणि मामांना तेच दाखवत राहिलं: 'ताण चालू ठेवा.'

मधे मामांचा फोन आला होता. "प्रतीक्षा, पानं गुंडाळून राहिले वं. पाणी सोडू काय?"

मी अ‍ॅप उघडून बघितलं. "नाही मामा, अजून नको." इंजिन चालू आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागली असती.

बाराव्या दिवशी चूक कळली, तशी मी वरूडला धावले. तीनशे झाडं शेंड्याकडून वाळत आली होती. मी मामांना सगळं सांगितलं. त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं.

"म्हंजे मशीन नको म्हणतच नोतं?"

"नाही. ते बंद होतं. नको मीच म्हणत होते."

मामांनी एक फांदी वाकवली. ती कट्कन मोडली. "मले दिसून राहिलं होतं पोरी," ते म्हणाले. "मले डोये होते ना. मंग तुले काहून विचारलं मी?"

त्यांनी मोटर सुरू केली आणि वाळलेल्या झाडांच्या आळ्यांतही पाणी वळवू लागले. मी फावडं घ्यायला पुढे झाले.

"राहू दे," ते म्हणाले. "आता माह्यं मी पायतो."