खंडेनवमीचं रेकॉर्डिंग

शारदा गेली हे मारोतरावांना कळलं ते खंडेनवमीच्या दुपारी. ते शहराच्या टोकाला भनपुरीला, जुन्या दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये पूजेला गेले होते. लेथला हार घालून झाला होता, पेढा हातात होता, तेवढ्यात फोन आला. शारदा दसऱ्याच्या तोरणाची फुलं आणायला निघाली होती. बूढापाऱ्यात, त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी, एका गाडीनं तिला उडवलं आणि गाडी थांबली नाही. मारोतराव इस्पितळात पोचले तेव्हा तिच्यावर चादर ओढलेली होती. पेढा अजून मुठीतच होता.

नंबर कोणी पाहिला का, असं पोलिसांनी विचारलं. सणाची गर्दी होती. सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कोणीच पाहिलं नव्हतं.

मारोतरावांनी मात्र एक गोष्ट पाहिली. दसरा होत नाही तोच समोरच्या शिशिरच्या पांढऱ्या गाडीला नवं बंपर लागलं. विचारलं तर म्हणाला, "कुत्ता आ गया था काका, सामने." याच शिशिरनं शारदेच्या तिरडीला खांदा दिला होता. सुतकात रोज येऊन पुढच्या खोलीत बसायचा, कंप्यूटरच्या टेबलाला टेकून.

आणि तेरवी झाल्यावर मारोतरावांनी बटण दाबलं, तर कंप्यूटर चालूच होईना.

हा कंप्यूटर त्यांनी घरीच जोडला होता. रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर, कबाड्याकडचा डबा आणि इकडून तिकडून जमवलेले पार्ट घेऊन. शारदा टॉर्च धरून उभी राहायची आणि म्हणायची, "सवत आणून राहिले घरात." मग तिची तुळशीची कुंडी चोरीला गेली आणि तिनंच हट्टानं गॅलरीत कॅमेरा लावून घेतला. कॅमेऱ्यात गल्लीचं तोंड स्वच्छ दिसायचं. रेकॉर्डिंग सगळं त्या डब्यात. म्हणजे ती गाडीही त्यात असणार, नंबरसकट. मारोतरावांच्या मते गुन्हेगार कोण ते ठरलेलंच होतं. शिशिरनंच सुतकात इथं बसून कंप्यूटरचं काहीतरी तोडलं. फक्त काय तोडलं ते सापडायचं होतं.

त्यांनी डबा उघडला.

"तिचा फोटो भिंतीले लावायचा राहिला," शारदेची थोरली बहीण गोदावरी सोफ्यावरून म्हणाली. ती तेरवीनंतरही नागपूरला परतली नव्हती. "अन् तुम्ही हे काय चिरफाड करून राहिले, मारोतराव?"

"आक्का, फोटो कुठं पळून नाही चालला. तो पळाला तं?"

"कोण?"

"आहे एक पोट्टा. चारचौघांत कॉलर धरून आणतो त्याले इथं, अन् दाखवतो."

टेस्टर लावला. बोर्डात वीज होती. वायर बदलली. काही नाही. मग पॉवर सप्लायचा जाड प्लग काढून हिरव्या आणि काळ्या वायरच्या भोकांत तारेचा तुकडा घातला. सप्लायचा पंखा घरघरला. म्हणजे तो जिवंत होता. रॅम काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. काही नाही. एकेक वायर बोटानं चाचपली. कुठंच तुटलेली नव्हती. त्यांना राग आला तो याचाच. तुटलेली वायर सापडली असती तर बरं वाटलं असतं.

"जेवता का आता?"

"नाही."

शेवटी त्यांनी बटणाच्या वायरीच मदरबोर्डावरून उपसल्या आणि त्या जागच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखे फिरले. पडद्यावर उजेड आला.

म्हणजे दोष बटणात होता. आता त्यांना आठवलं, दाबल्यावर नेहमी टिक असा आवाज यायचा, तो इतका वेळ आलाच नव्हता. बटण डब्याच्या माथ्यावर होतं. त्यांनी ते उचकटून काढलं. खाली तांदळाचा दाणा अडकलेला होता, लाल, कुंकवाच्या चिखलात वाळून घट्ट बसलेला. माथ्यावर शारदेच्या हळदीकुंकवाची बोटं अजून होती. अक्षता तिनं तिथंच वाहिल्या होत्या.

शिशिरनं डब्याला हातही लावला नव्हता. पण त्यानं मारोतरावांचा राग तसूभर कमी झाला नाही. बंपर तर लावलं होतं ना?

त्यांनी खंडेनवमीचं रेकॉर्डिंग उघडलं. सकाळची गल्ली. दूधवाला गेला. एक गाय आली, उभी राहिली, गेली. शिशिरची गाडी त्याच्या दाराशी उभी, जुन्या बंपरची. मग कॅमेऱ्याच्या माइकमधून, खिडकीच्या आतून, शारदेचा आवाज आला.

"चाल बापा, आज तुलेही सुट्टी."

आणि पडदा काळा झाला. पुढं काही नव्हतं. मारोतरावांनी तो तुकडा परत लावला. परत तेवढंच.

गोदावरी उठून मागं येऊन उभी राहिली होती. बहिणीचा आवाज ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "अवो, खंडेनवमीले मशीन चालू ठेवते का कोणी? अवजाराले त्या दिवशी आराम. बाबाच्या घरचं वळणच हाय आमच्या. तिनं बंद करूनच पूजा केली असंन."

"माहीत आहे मले," मारोतराव म्हणाले. त्या दुपारी भनपुरीला लेथही बंद करूनच हार घातला होता. घरचा कंप्यूटरही बंद असणार, हे इतक्या दिवसांत एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते उठले आणि चपला घालून बाहेर पडले.

शिशिर पाइप घेऊन गाडी धूत होता. "काका," तो हसून म्हणाला, "कंप्यूटर का कुछ हुआ? खिड़की से दिखा, खोले बैठे थे. किसी को भेजूँ क्या?"

"हव. झालं चालू."

"अच्छा." पाइपचं पाणी एकाच जागी, नव्या बंपरवर पडत राहिलं. "फिर... कुछ दिखा उसमें?"

मारोतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. जन्मात ते फारसं खोटं बोलले नव्हते.

"सगळं दिसलं."

शिशिरच्या हातातला पाइप खाली कलला. पाणी त्याच्या चपलांवरून वाहून गेलं.

"काका, मैं आपसे..." त्यानं सुरुवात केली आणि तिथंच थांबला. पाइप जमिनीवर टाकून तो आत गेला. नळ चालूच राहिला. मारोतरावांनी तो बंद केला नाही.

"काय झालं?" घरात शिरताच गोदावरीनं विचारलं.

"काही नाही. जेवायले वाढा."

तेव्हापासून शिशिरची गाडी झाकून ठेवलेली असते. मारोतराव रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. तो स्कूटर काढताना वर पाहतो, नमस्कार करतो. ते नमस्कार घेत नाहीत, नजरही काढत नाहीत. झोप उडाली असेल त्याची, तर उडू दे. दोनदा तो जिन्याच्या खालपर्यंत येऊन परत गेला. ते खाली उतरले नाहीत. त्यानंच वर यावं.

ठाण्यात न्यायला मारोतरावांकडे काही नाही. शिशिरच्या तोंडून कबुली निघायची अजून राहिली आहे.