बाळ वर चढतं

सकाळ नेहमीसारखीच सुरू झाली. खाली दुकानात इस्त्रीवाला कोळसे फुलवत होता आणि वरच्या खोलीत त्याची बायको धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. पहिली कळ आली तशी सासूबाईंनी तिच्या हातातली चादर काढून घेतली आणि पाण्याचा तांब्या उचलून उंच फळीवर ठेवला.

"आता तोंड बंद. पोटात काही गेलं की बाळ वर चढतं."

दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी सुटका नव्हती. ओठ सुकून गेले होते. कळा यायच्या आणि जोर धरण्याआधीच विरून जायच्या.

"आत्याबाई, घोटभर..."

सासूबाई ओला रुमाल तिच्या कपाळावर ठेवत, ओठांपर्यंत मात्र नेत नसत. जागून त्यांचेही डोळे तारवटले होते. दुष्ट नव्हती हो ती बाई! मायबापहो, दुष्टाशी भांडता तरी येतं. मायेनं उपाशी ठेवणाऱ्याशी कसं भांडायचं? आणि देवानं बाळंतिणीला तहान दिली, ती काय चुकून?

शेवटी इस्त्रीवाला नर्सबाईंना घेऊन आला. त्यांनी नीट तपासलं.

"बाळाचे ठोके चांगले आहेत. आईच्याच अंगात त्राण नाही. काय खाल्लंय हिनं?"

"कालपासून थेंब नाही दिला," सासूबाई जरा अभिमानानंच म्हणाल्या.

नर्सबाई मटकन स्टुलावर बसल्या. "अहो आजी, तुमचा मुलगा कोळसा न घालता इस्त्री फिरवतो का? अन्न जातं त्या पिशवीत बाळ नसतं. त्याची पिशवी वेगळी. चढेल कुठे ते? पाणी द्या, मऊ भात द्या, थोडा थोडा."

"आई, देऊ का गं?" इस्त्रीवाल्यानं दारातून विचारलं.

"खबरदार!" सासूबाई ओरडल्या आणि एकाएकी त्यांना रडू फुटलं. "मी प्यायले होते. पहिल्या खेपेला. चोरून, घोटभर. पोर गेलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, तूच मारलंस."



"घोटभर पाण्यानं पोर जात नाही, आजी," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं हे उरावर घेऊन फिरताय?"

सासूबाईंनी नर्सबाईंना स्टुलावरून उठवलं, स्वतः वर चढल्या आणि तांब्या खाली काढला. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजलं, मग भात भरवला. कळांना हळूहळू जोर आला. दिवेलागणीच्या आत नात रडली.

"आता जरा पडा, आजी," हात धुता धुता नर्सबाई म्हणाल्या.

"पडते मग. शेजारणीच्या लेकीचे दिवस भरलेत. आधी तिच्या आईला सांगून येते."

"मी सांगेन की."

"तुमचं नाही ऐकायची ती," सासूबाईंनी थकल्या हातानं पदर सारखा केला. "बाळ वर चढतं, हे तिला मीच शिकवलंय."