मनुबाईचं खरं वय

विहिरीवर केसांची मेंदी धुऊन मनुबाई घरात आली, खुंटीवरचा आरसा काढून तिने उजेडात धरला. पांढरे केस काळे व्हायचे सोडून काथ्यासारखे तांबडे झाले होते. सोमवारी अलिबागला जायचं होतं आणि आज गुरुवार होता.

साल छप्पन. अलिबागच्या सरकारी दवाखान्यात गावोगावच्या बायकांना सुईणपण शिकवणार होते, सहा महिने, राहून-जेवून. माणगावच्या बाजारात मनुबाईने ही बातमी ऐकली. थोडं लिहिता-वाचता यावं आणि वय पस्तिशीच्या आत असावं, एवढीच अट होती. अक्षरं तिने साक्षरतेच्या वर्गात गिरवली होती. वयही बसत होतं. अठरा साली मानमोडीच्या तापाची साथ आली, त्यानंतर पाचव्या वर्षी तिचा जन्म, म्हणजे पुरती तेहतीस. पण नवरा गेला त्याच वर्षी तिला विषमज्वर झाला, केस झडले आणि पुन्हा आले ते पांढरेच. पाटलाच्या दप्तरात तिच्या जन्माची नोंद सापडली नाही. पाटील म्हणाला, दवाखान्यात बसलेली डॉक्टरीण तुझ्या तोंडाकडं बघूनच वय ठरवेल. तेव्हापासून मनुबाईच्या जिवाला थारा नव्हता.

तांबड्या केसांवर पदर घट्ट ओढून ती वावरू लागली, तरी ते दिसायचं तेवढं दिसलंच. विधवा बाईने केस रंगवले म्हणजे पाट लावायचा विचार असणार, अशी कुजबुज दुपारपर्यंत वाडीभर झाली. धाकट्या दिराने, येसाजीने, जेवताना मान वर केली नाही. सासू काशी मात्र सरळ विचारून मोकळी झाली.

"कुनासाठी रंगवतेस गो?"

"कुनासाठी न्हाय, आत्या. अलिबागला जायाचं हाय म्हनून."

काशीने ताट बाजूला सारलं. ती स्वतः वाडीची सुईण. अर्धी वाडी तिच्या हातांवर जन्मली होती. मी असताना कागद वाचून बाळंतपण शिकायचं तुला काय नडलंय, असं ती पुटपुटली आणि उठून गेली.

काय नडलंय ते मनुबाईला सांगता आलं नसतं. भादव्यात येसाजीच्या बायकोला, राहीला, मुलगा झाला. काशीनेच सोडवली, नाळ नेहमीसारखी कोयत्याने कापली. सातव्या दिवशी बाळाचं तोंड आवळलं, अंग धनुष्यासारखं ताणलं आणि दिवस मावळायच्या आत ते गेलं. काशी म्हणाली, सटवीने नेलं. साक्षरतेच्या वर्गातले गुरुजी मात्र एकदा बोलता बोलता म्हणाले होते की तो धनुर्वात, गंजक्या हत्याराने होतो. मनुबाईने हे आजवर कोणाजवळ उच्चारलं नव्हतं. पण कोयता वळचणीला खोचलेला दिसला की तिचे हात अस्वस्थ व्हायचे.

त्याच रात्री तिने आवळे ठेचून लोखंडी कढईत भिजत घातले. दुसऱ्या दिवशी कढईतला गर डांबरासारखा काळा झाला होता. तो तिने बोटांनी मुळापासून केसांना चोपडला. थंडीने डोकं बधिर झालं, दात वाजू लागले, तरी ती परसात तशीच बसून राहिली. मध्येच उठायची, दारापर्यंत जायची, पुन्हा येऊन बसायची. शुक्रवारी एकदा, शनिवारी दोनदा. रविवारी केस काळे झाले. कानांच्या पाळ्या आणि कपाळाची कडही काळी झाली. ती तिने लिंबाने घासघासून निम्मीअर्धी काढली. ओठ उलले होते, त्यांना लोणी लावलं. हातांकडे बघायला सवड झाली नाही. भातझोडणीच्या दिवसांपासून तळहातांना आणि बोटांना भेगा पडल्या होत्या आणि आवळ्याचा रंग त्यात उतरून त्या काळ्याकुट्ट दिसत होत्या.

सोमवारी दवाखान्यात बाकावर दहा-बारा बायका होत्या. मनुबाई दर घटकेला पदर सारखा करत होती. तिची पाळी आली. टेबलामागच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आधी तिच्याकडून चार ओळी वाचून घेतल्या. मग त्यांची नजर कपाळाच्या काळ्या कडेवर थांबली.

"केस रंगवलेस?"

मनुबाईचा हात कपाळाकडे गेला. नाही म्हणायचं तिने बसमध्ये शंभरदा घोकलं होतं.

"व्हय बाई. पन वय खरंच तेहतीस हाय. केसांनी दगा दिला."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "केसांचं राहू दे. हात पुढं कर."

तिने हात पुढे केले. बाईंनी एकेक बोट उलटून पाहिलं आणि समजावून सांगितलं. या भेगांत घाण बसते, ती बाळंतिणीच्या अंगात जाते, ताप चढतो, बाई हातची जाते. असल्या हातांनी मी तुला कोणाला शिवू देणार नाही. महिन्याने वर्ग सुरू होईल, तोवर हात बरे करून आण, मग नाव घालते.

घरी येऊन मनुबाईने सगळं सांगितलं. येसाजी ऐकत होता, राही चुलीपाशी पाठमोरी बसली होती. रात्रीची भाकरी झाल्यावर काशीने कोकमतेलाचा गोळा पळीत वितळवला, मनुबाईचा हात ओढून मांडीवर घेतला आणि कोमट तेल एकेका भेगेत जिरवू लागली. बऱ्याच वेळाने, वर न बघता, तिने विचारलं, "घान हातानं जाते, तशी कोयत्यानं पन जाते काय गो?"

चुलीपाशी राहीचं हलणं थांबलं. मनुबाईला खोटं बोलता आलं असतं.

"जाते, आत्या. तुमाला ठावं नव्हतं. कुनालाच ठावं नव्हतं."

काशीचे हात थबकले. राही वळली, सासूकडे बघत राहिली, मग उठून बाहेर गेली. येसाजी तिच्यामागे गेला. काशी आणि राही दोन महिने एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. पण काशीने मनुबाईच्या हातांना तेल लावायचं एकही दिवस चुकवलं नाही. शेण, राख, पाणी, कशालाही तिला हात लावू दिला नाही.

महिन्याने मनुबाई अलिबागला गेली तेव्हा तिच्या भांगात बोटभर पांढरं उगवलं होतं. तिने ते झाकलं नाही. बाईंनी हात पाहिले आणि नाव लिहून घेतलं. सहा महिन्यांनी ती शिकून परतली, आणि पुढच्या वर्षीच्या माघात राहीला मुलगी झाली. नाळ मनुबाईने उकळलेल्या कात्रीने कापली, आणि काशीने दिवा धरला होता.